संत्यास पत्र: पाणाड्याचा नारळ आणि हाताला कळणारं

संत्या लेका,

परवा फोनवर तू विचारलंस त्याचं धड उत्तर देता आलं नाही. एकतर मी रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी गर्दीत उभा होतो, आणि हा विषय पाच मिनिटांत उरकणारा पण नाही. म्हणून लिहितोय. लांबणार आहे, जेवून निवांत वाच.

तर आबांनी बोअरसाठी पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणारा, बोलावला, तो तळहातावर आडवा नारळ ठेवून अख्खं रान फिरला आणि विहिरीच्या वरच्या अंगाला नारळ ताडकन उभा राहिला. आता तुला प्रश्न पडलाय की हे थोतांड आहे का आणि असलं तर आबांना सांगायचं कसं. वर टोमणा पण मारलास की तुम्ही सायकॉलॉजीवाले कशालाही 'अनकॉन्शस' म्हणून मोकळे होता. मारलास ते बरं केलंस, कारण उत्तर खरंच तिथंच आहे, फक्त तू समजतोस तसं नाही.

तो माणूस बहुतेक खोटं बोलत नाहीये बघ. नारळ आपण उठवतोय हे त्याचं त्यालाच कळत नसणार. हे मी मनानं सांगत नाही. 1853 मध्ये लंडनात टेबल फिरवायचं फॅड आलेलं. चारपाच जणांनी टेबलावर हात ठेवून बसायचं, थोड्या वेळानं टेबल सरकायला लागायचं आणि लोक म्हणायचे आत्मे आले. मायकेल फॅरडे, तोच आपला विजेवाला, त्यानं काय केलं, हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक मऊ चिकट लेपानं चिकटवले, म्हणजे जोर लागला तर जरा सरकतील असे. टेबल लोकांना ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला पाहिजे, लोकच टेबलाला ढकलत असतील तर वरचा. सरकला वरचा! आणि बसलेली माणसं सगळी प्रामाणिक, आम्ही ढकललं नाही म्हणून शपथेवर सांगणारी. पुढं त्यानं एक काडी लावली, हात जरा जरी ढकलायला लागला की ती कलून दाखवायची. काडी समोर दिसायला लागली आणि टेबल फिरायचं बंद झालं. मला तर हा प्रयोग त्याच्या विजेच्या प्रयोगांपेक्षा भारी वाटतो, पण ते जाऊ दे.

याला आयडिओमोटर म्हणतात, मनात नुसती कल्पना आली की स्नायू बारीकशी हालचाल करून मोकळे होतात. तळहातावरचा आडवा नारळ म्हणजे मुळातच डगमगती वस्तू, जरा तळवा कलला, बोटं आखडली की उठलाच. 

पण म्हणून हाताला काय कळतच नाही असं समजू नकोस, खरी गंमत इथनं पुढं आहे.

टीवायच्या पोरांना आम्ही वजनांचं एक प्रॅक्टिकल देतो. दिसायला एकसारख्या डब्या, आत वाळू कमीजास्त, डोळ्यावर पट्टी, आणि सांगायचं कुठली जड. वजनं अगदी जवळ आली की पोरं कपाळाला आठ्या घालतात, डबी नुसती वर खाली करत बसतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "सर, सारखंच वाटतंय म्हटलं तर चालंल काय?" नाही चालणार. काहीच कळत नसलं तरी एक सांगायचंच. पोरं वैतागतात, "मग ठोकून देऊ?" ठोक की! आणि त्या ठोकून दिलेल्या उत्तरांतच खरी मजा असते.

हे पहिल्यांदा नीट तपासलं ते चार्ल्स पर्स आणि त्याचा विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांनी, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, पेपर 1884 मध्ये वाचला. पर्स हा भलताच माणूस, पोटापाण्याला सरकारी सर्वेक्षण खात्यात पेंडुलम घेऊन गुरुत्वाकर्षण मोजायचा आणि उरलेल्या वेळात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान. तर बोटावर दाब पडायचा, मग जरासा वाढायचा किंवा कमी व्हायचा, आणि कुठला जास्त होता ते सांगायचं. आधी जड की आधी हलकं हे पत्ते पिसून, लाल निघाला की काळा त्यावर ठरवायचे, म्हणजे कुणाच्या मनाचा कल त्यात यायला नको. आणि प्रत्येक उत्तराबरोबर खात्री किती ते 0 ते 3 मध्ये सांगायचं. शून्य म्हणजे मला काडीचं कळलेलं नाही, नुसता अंदाज.

आता नुसता अंदाज असेल तर निम्मी उत्तरं बरोबर यायला पाहिजेत, नाणं उडवल्यासारखी. पण शून्य खात्रीची उत्तरं साधारण पाचात तीन बरोबर निघाली. म्हणजे माणूस म्हणतोय मला काय कळलं नाही, आणि त्याच्या बोटाला मात्र थोडंफार कळलेलं आहे.

पुढं 1967 मध्ये बेंजामिन लिबेट या मेंदूच्या अभ्यासकानं मेंदूचं ऑपरेशन चाललेल्या, पण जाग्या असलेल्या पेशंटांच्या मेंदूवर थेट इलेक्ट्रोड ठेवून बघितलं, की कातडीला इतका बारीक झटका दिला की पेशंटला तो जाणवतच नाही, तरी मेंदूत त्याची नोंद होते. आणि माझी सगळ्यात आवडती केस 1983 ची, फ्रान्समधल्या झाक पैय्यार या संशोधकाची. एका बाईच्या मेंदूच्या पॅरायटल भागाला, म्हणजे स्पर्श समजून घेणाऱ्या भागाला, इजा झालेली, एका हातावर स्पर्श केलेला तिला अजिबात कळायचा नाही. डोळे झाकून त्या हातावर कुठंतरी स्पर्श करायचे आणि म्हणायचे, दुसऱ्या हातानं दाखवा कुठं. ती बरोबर जवळपास तिथंच बोट न्यायची, आणि स्वतःच चक्रावून जायची की मला तर काहीच लागलेलं नाही, मग माझं बोट तिथं जातंय कसं? नंतर 1995 मध्ये रोसेटी आणि मंडळींनी असाच एक पेशंट तपासला. तो बोटानं जागा दाखवायचा, पण तोंडानं सांग म्हटलं की नुसता गोंधळ. आणि बोट दाखवता दाखवता तोंडानंही सांग म्हटलं, तर बोटाचंही चुकायला लागलं.

हे वाचलं तेव्हा मला गंगावेशीतली तालीम आठवली. दोन पोरं एकमेकांच्या मानेवर हात टाकून खडाखडी करत असायची, अंगभर तांबडी माती, आणि वस्ताद कठड्यावरनं ओरडायचे, "इचार करू नगंस, हात काय म्हणतोय बघ!" समोरच्यानं पट काढायच्या आधी त्याचं वजन एका पायावर सरकतं ते मानेवरच्या हाताला कळत असणार, आणि विचार करत बसलेल्याचे पाय आभाळाकडं. आता वस्तादांनी रोसेटी वाचलेला नव्हता, आणि पेशंटवरनं पैलवानावर थेट उडी मारायची नसते हे मला कळतं, पण मला दोन्ही गोष्टी एकाच गावच्या वाटतात.

मग तू म्हणशील, एवढं सगळं हाताला कळतं तर पाणाड्याला का कळू नये? इथंच माझं म्हणणं नीट ऐक. पर्सच्या प्रयोगात वजन बोटाला टेकलेलं होतं. त्या बाईच्या हाताला कुणीतरी खरंच स्पर्श केलेला होता. पैलवानाच्या हातात मान असते. न कळता कळायला सुद्धा कातडीपर्यंत काहीतरी पोचावं लागतं. दोनशे फूट खाली काळ्या पाषाणाच्या भेगेतलं पाणी आबांच्या रानात चालणाऱ्या माणसाच्या तळव्याला काय पाठवतं? काही नाही. आणि जिथं खरंच पोचतं तिथंही मिळतं काय, पाचात तीन! तेवढ्यावर बोअरच्या गाडीचं भाडं कोण भरणार?

पोचत असेल तर डोळ्यातनं. तो माणूस जन्मभर रानं फिरलाय, उंबर कुठं आहे, वारूळ कुठं, उतार कुणीकडं, हे तो बघत असणारच, आणि ते बघितलेलं नारळातनं बाहेर पडत असेल तर मला नवल वाटणार नाही. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत पाणी शोधण्यावर अख्खा अध्याय लिहिलाय, झाडं, वारुळं असल्याच खुणांवर. त्या खुणा कितपत खऱ्या हा वेगळा वाद. पण डोळे काढून घेतले तर काय उरतं ते जर्मनीत बघून झालंय. म्युनिकजवळच्या एका कोठारात 1987-88 मध्ये खाली पाण्याचा पाइप गाडीवरनं इकडंतिकडं सरकवायचे आणि वरच्या मजल्यावर पाणाड्यांनी तो शोधायचा. शेकड्यांतनं निवडलेले 43 जण, 843 चाचण्या. करणाऱ्यांनी दावा केला की काहींना जमतं, पण जिम एनराइट या शास्त्रज्ञानं तेच आकडे परत तपासले आणि म्हणाला, हे नुसत्या अंदाजापेक्षा काही वेगळं नाही.

आता आबा. त्यांना थोतांड वगैरे म्हणू नकोस, चिडतील आणि उद्याच गाडी बोलावतील. त्यापेक्षा म्हण, अण्णा मास्तरांचा पोरगा रविवारी येतोय, पाणाड्यालाही परत बोलवा, चहापाणी माझ्याकडनं. जिथं नारळ उठला तिथं एक दगड पुरून ठेवू, वर खूण काही ठेवायची नाही, मग त्याचे डोळे बांधून धाकट्यानं हात धरून रानभर आडवंतिडवं फिरवायचं आणि नारळ कुठं कुठं उठतो तिथं आबांनीच काठ्या रोवायच्या. आबांनी स्वतः रोवल्या पाहिजेत, मी रोवल्या तर म्हणतील मास्तरानं घोळ घातला. आणि काही निघालं तरी बोअर मारायच्या आधी कोल्हापुरात भूजल सर्वेक्षणच्या ऑफिसात एकदा चौकशी करू, सोमवारी मला दुपारनंतर लेक्चर नाही.

धाकट्याला सांग, घरातला जाड पंचा शोधून ठेव, रुमालातनं खालचं दिसतं. आणि काकूंना म्हणावं, मटण नको, श्रावण पाळतोय यंदा, पिठलं-भाकरी चालेल.

तुझा,
दिग्या