नोकरी बदलताना आरोग्य विम्यात खंड नको

महोदय,
नागपूरच्या बुटीबोरी, हिंगणा, मिहान या औद्योगिक भागांतली नोकरी सोडली की कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी काढलेला गटविमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. मग घाईने नवी पॉलिसी घेतली, तर पहिले 30 दिवस अपघात वगळता दावा मिळत नाही. जुन्या आजारांसाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावे लागते. म्हणून राजीनामा देतानाच, गटविमा चालू असताना, त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करा. गटविम्यात आधीच घालवलेला प्रतीक्षा काळ (दाव्यासाठी थांबण्याची मुदत) त्यात मोजला जातो, पण जुन्या विमा रकमेपुरताच. विमा कंपनी प्रकृतीची माहिती तपासते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मधुमेह, रक्तदाब तर मुळीच लपवू नका. दावे तिथेच अडकतात. गटविम्यातील सदस्यत्वाच्या तारखा असलेले प्रमाणपत्र एचआरकडून आधीच घ्या. नोकरी सुटल्यावर ते मिळवणे फार जड जाते.

– एक वाचक, नागपूर