बॅलेच्या बातमीत नाचणाऱ्यांची नावं हवीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी बॅले मुंबईत येणार असला की आपल्या पुरवणीत रंगीत फोटोसह बातमी येते. ‘जगप्रसिद्ध रशियन बॅले’, ‘स्वान लेक’, तारीख, नाट्यगृह, तिकिटाचे दर. नाचणार कोण, ते मात्र कुठेच नसतं. मराठी नाटकाची दोन कॉलमांची जाहिरातही प्रमुख कलाकारांच्या नावांशिवाय छापून येत नाही. मग हजारो रुपयांचं तिकीट काढणाऱ्याला ओदेत, म्हणजे शापानं हंस झालेली नायिका, कोण करणार हे आधी कळायला नको का? ही माहिती मिळवणं अवघड नसतं. कुठे आणि केव्हा बघायचं, एवढंच ठाऊक असावं लागतं.

आधी कंपनीचं नाव. ‘रॉयल’, ‘इम्पीरियल’, ‘स्टेट’, ‘नॅशनल’ हे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या रॉयल बॅलेला 1956 साली राजसनद मिळाली. पण नावात ‘रॉयल’ लावून गावोगाव फिरणाऱ्या कितीतरी मंडळ्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नसतो. तपासायचं ते असं: कंपनीला घरचं थिएटर आहे का, तिथे तिचा वर्षभराचा सीझन लागतो का, आणि तिच्या वेबसाइटवर नर्तकांची नावं दर्जानुसार दिली आहेत का. मॉस्कोची बोल्शॉय आणि सेंट पीटर्सबर्गची मारिन्स्की या कंपन्यांत प्रत्येकी दोनशेहून अधिक नर्तक आहेत, पॅरिस ऑपेरात दीडशेच्या आसपास, रॉयल बॅलेत शंभराच्या घरात. केवळ दौऱ्यासाठी जमवलेल्या मंडळीत तीस-चाळीस असतात. ते वाईटच नाचतात असं मुळीच नाही. पण ‘स्वान लेक’मध्ये तळ्याकाठी चोवीस हंसांऐवजी बारा-सोळाच दिसतात. पहिल्या अंकात दरबारी असलेल्या मुली दुसऱ्या अंकात हंस होतात आणि तिसऱ्यात स्पॅनिश किंवा हंगेरियन नाच करून पुन्हा तळ्याकाठी येतात. शेवटच्या अंकातल्या रांगा का डगमगतात, त्याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

संख्येचा फरक सगळ्यात उघडा पडतो तो ‘ला बायादेर’मध्ये. भारतात घडणारं हे कथानक नृत्यरचनाकार प्येतिपानं 1877 साली सेंट पीटर्सबर्गला रंगमंचावर आणलं. (त्यातला भारत कुठल्या नकाशावर सापडायचा नाही, तो भाग वेगळा.) त्यातल्या छायांच्या प्रवेशात पांढऱ्या वेशातल्या नर्तकी एकामागून एक उतारावरून खाली येतात. एक पाय मागे ताणून अराबेस्क, मग हात वर घेऊन कमरेतून मागे झुकणं, दोन पावलं पुढे, पुन्हा अराबेस्क. मागून नवी मुलगी आली की पुढच्या सगळ्यांनी तीच हालचाल पुन्हा करायची. म्हणजे सर्वांत पुढे असलेलीला ती सर्वाधिक वेळा करावी लागते, तीही उतारावर, एका पायावर. मारिन्स्कीत या प्रवेशात बत्तीस जणी असतात. बॅलेरिना नतालिया माकारोवाच्या आवृत्तीत, म्हणजे लंडनमध्ये किंवा अमेरिकन बॅले थिएटरमध्ये, चोवीस. हा आकडा बातमीत आला तर जाणकाराला कंपनीचा वकूब लगेच कळतो.

आता कास्टिंग, म्हणजे कोणत्या प्रयोगात कोण नाचणार ते. प्रत्येक कंपनीची रीत निराळी. रॉयल बॅलेत प्रमुख भूमिकांची तारीखवार यादी तिकीटविक्री सुरू होण्याआधीच लागते आणि एकच बॅले कित्येक आठवडे चालू असल्यानं एका जोडीला साधारण तीन-चार प्रयोग मिळतात. न्यूयॉर्क सिटी बॅले प्रयोगाच्या फार तर काही आठवडे आधी नावं जाहीर करते आणि ती भूमिका पहिल्यांदाच करणाऱ्याच्या नावापुढे चांदणी असते. रसिकानं ही चांदणी शोधावीच. उद्याची बॅलेरिना ओळखायला याहून स्वस्त मार्ग नाही. अमेरिकन बॅले थिएटरचा उन्हाळी सीझन मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये होतो. तिथे मोठा बॅले आठवडाभर चालतो, जोड्या अनेक असतात, आणि एखादी प्रिन्सिपल, म्हणजे सर्वोच्च दर्जाची नर्तकी, ‘स्वान लेक’ सबंध सीझनमध्ये एकदा किंवा दोनदाच करते. तिचा तो प्रयोग हुकला तर वर्षभर थांबा. पॅरिसला आणखी एक गंमत: सर्वोच्च पद, म्हणजे ‘एत्वाल’, प्रयोग संपल्यावर पडद्यासमोरच जाहीर केलं जातं आणि निवृत्ती ठरलेली, 42व्या वर्षी. त्यामुळे कुणाचा निरोपाचा प्रयोग कधी येणार, याचा अंदाज जन्मसालावरून बांधता येतो.

यादी लागली म्हणजे नावं पक्की झाली, असं कुणी समजू नये. पोटरीचा स्नायू, घोटा, पायाच्या हाडाला गेलेली बारीक चीर, बाळंतपण, किंवा जोडीदाराची दुखापत यांपैकी काहीही आड येतं. बदल झाला की एका प्रयोगापुरता होत नाही, पत्त्यांचा बंगला सरकावा तशी पूर्ण यादी हलते. तरी अंदाज बांधता येतो. ओदेत आणि तिचं रूप घेऊन राजपुत्राला फसवणारी ओदील ही चार अंकांची दुहेरी भूमिका सहसा कुणी लागोपाठ दोन दिवस करत नाही. मध्ये निदान दोन-तीन दिवस लागतात. समजा, गुरुवारच्या प्रयोगाची ओदेत जखमी झाली. मंगळवारी नाचलेली आणि पुन्हा रविवारी असलेली बॅलेरिना मध्ये घातली तर दोन्हीकडे जेमतेम एक-दोन दिवस उरतात, म्हणून ती टाळली जाते. सोमवारी नाचून पुढच्या आठवड्यापर्यंत मोकळी असलेली पुढे येते, किंवा तालमीत ‘कव्हर’ म्हणजे बदली म्हणून उभी राहणारी सोलोइस्ट, प्रिन्सिपलच्या खालच्या दर्जाची नर्तकी. राजपुत्र तोच ठेवायचा की जोडीच बदलायची, हे उंचीवर ठरतं. बॅलेरिना पॉइंटवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर, चढली की चांगलीच उंच होते. राजपुत्र बुटका पडला तर तिचा हात डोक्यावरून फिरवून पिरुएट, म्हणजे गिरकी, देताना त्याचं कोपर तिच्या तोंडासमोर येतं. म्हणून बहुधा पूर्ण जोडीच बदललेली दिसते.

दौऱ्यावर हे सगळं आणखी गुंतागुंतीचं होतं. नेपथ्याचे कंटेनर बोटीनं जायचे असतील तर कित्येक आठवडे आधी निघतात, म्हणून कोणता बॅले होणार ते सहसा बदलत नाही. बदलतात ती माणसं. बोलावणाऱ्या संस्थेला पहिल्या रात्री मोठं नाव हवं असतं. तारे पहिल्या रात्री आणि शनिवारी संध्याकाळी, आणि दुपारच्या खेळाला तरुण मंडळी, असा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी दिसतो. बोल्शॉय-मारिन्स्कीसारख्या मोठ्या कंपन्या दौऱ्यावर असतानाही घरचं थिएटर बंद ठेवत नाहीत, अर्धी फौज मागे राहते. म्हणून दौऱ्याच्या पोस्टरवर कुणाचं नाव दिसलं की त्याच तारखांचं घरच्या थिएटरचं वेळापत्रक उघडून बघावं. तिथेही तेच नाव असेल तर पोस्टर जुनं आहे किंवा आशेवर छापलेलं आहे. रशियन थिएटरांच्या बाबतीत वेबसाइटचं रशियन पान बघावं, आणि नाव रशियन लिपीतच शोधावं. रोमन लिपीत एकाच आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं सापडतात.

2022 साली रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यानंतर तर जुन्या माहितीवर विसंबून चालतच नाही. बोल्शॉयचा त्या उन्हाळ्यातला लंडनचा सीझन रॉयल ऑपेरा हाउसनं फेब्रुवारीतच रद्द केला. तिथली प्रमुख बॅलेरिना ओल्गा स्मिर्नोवा मार्चमध्ये बोल्शॉय सोडून ॲमस्टरडॅमच्या डच नॅशनल बॅलेत गेली. तरी ‘बोल्शॉयचे तारे’ म्हणून जाहिराती निघतात. यातले कोण आज तिथे आहेत, कोण कधीकाळी होते आणि कोण फक्त तिथल्या शाळेत शिकले, हे वार्ताहरानं एका फोनवर विचारावं. फरक थोडाथोडका नाही.

दुसरा प्रश्न संगीत जिवंत की मुद्रित, हा. त्याचा कास्टिंगशी थेट संबंध आहे, आणि तोच आपल्याकडच्या बातम्यांत कधी येत नाही. तिसऱ्या अंकातल्या जोडीनृत्याच्या कोडात, म्हणजे शेवटच्या भागात, ओदील एका पायावर बत्तीस फुएते, म्हणजे दुसरा पाय चाबकासारखा फेकत घेतलेल्या गिरक्या, घेते. 1895 साली इटालियन बॅलेरिना पिएरिना लेन्यानीपासून ही प्रथा ‘स्वान लेक’ला चिकटली. कुणाला ते भराभर हवे असतात, कुणाला किंचित सावकाश. वाद्यवृंद असेल तर कंडक्टर तालमीत लय ठरवतो आणि आयत्या वेळी बॅलेरिना बदलली तरी तिच्या पायाकडे बघत सांभाळून घेतो. ध्वनिमुद्रण थांबत नाही. बदली आलेली मुलगी त्या लयीला सरावलेली नसेल तर विसाव्या-बाविसाव्या फेरीला आधाराचा पाय जागा सोडून पुढे सरकायला लागतो, आणि शहाणी असेल तर ती उरलेल्या मात्रांत रंगमंचाला गोल फेरी मारून वेळ निभावते. प्रेक्षकाला वाटतं, हिला जमलं नाही. मुंबईत एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरला वाद्यवृंदाची खोलगट जागा आहे, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाही तिथलाच. म्हणजे ‘वाजवणार कोण?’ हा प्रश्न आयोजकांना विचारणं अस्थानी नाही. मोठ्या कंपन्यांच्या कास्टिंगच्या पानावर कंडक्टरचंही नाव असतं, ते याचसाठी.

रंगमंचाचंही थोडं असंच. पॅरिसच्या पाले गार्निएचा रंगमंच प्रेक्षकांकडे पाच टक्के उतरता आहे. रशियातले जुने रंगमंचही उतरते. त्यांवर वाढलेले नर्तक सपाट रंगमंचावर आले की पहिल्या एक-दोन प्रयोगांत त्यांचा तोल मागे जातो. नावांचा मोह नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं तिकीट घ्यावं. कास्ट बदलली म्हणून पैसे परत मिळत नाहीत, ही अट जवळजवळ सगळीकडे आहे, तेव्हा एका नावासाठी सर्वांत महाग खुर्ची घेणं शहाणपणाचं नाही. वरच्या मजल्याची पहिली रांग बरी. हंसांच्या रांगा तिथूनच नीट दिसतात.

ज्यांची मुलंबाळं लंडन-न्यूयॉर्कला आहेत किंवा जे दुबई-मस्कतला जाऊन बघतात, त्यांच्यासाठी दोन बारीक गोष्टी. अमेरिकी वेळापत्रकात महिना आधी लिहितात. 6/7 म्हणजे 7 जून, 6 जुलै नव्हे, आणि चुकीच्या दिवसाचं तिकीट याच घोळात काढलं जातं. लंडनचा साडेसातचा पडदा उन्हाळ्यात आपल्या रात्री बाराला उघडतो, हिवाळ्यात एकला. न्यूयॉर्कचा पहाटे पाचला किंवा सहाला. तिथे दुपारी जाहीर होणारा बदल आपल्याकडे रात्री उशिरा कळतो.

तेव्हा आपल्या वार्ताहरांनी पुढची बातमी करताना आयोजकांकडून पाच गोष्टी मागून घ्याव्यात: कंपनीचं घरचं शहर, कोणाची आवृत्ती, किती नर्तक येणार, संगीत जिवंत की मुद्रित, आणि तारखेप्रमाणे प्रमुख भूमिकांची नावं. आयोजक ‘अजून ठरायचंय’ म्हणाले तर तेच छापावं, तीही माहितीच आहे. आणि प्रयोगाच्या दिवशी ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात एका ओळीत त्या दिवशीची ओदेत आणि राजपुत्र सिगफ्रीड द्यावेत. नाव आदल्या दिवशी बदललं असेल तर बदललेलं.

आपला,
एक बॅलेप्रेमी वाचक, ठाणे