मिस्त्री अण्णांना, पिकअपच्या मागच्या हौसिंगबद्दल

अण्णांना सप्रेम नमस्कार.

तुमची परवानगी न घेता हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव आणि गॅरेजचा पत्ता मुद्दाम टाकला नाही. आहे तेवढंच काम उरकत नाही, असं तुम्हीच म्हणता.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधली गिअरची लोखंडी पेटी. मोहोळकडून कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डाला येत होतो. गाडी बरेच दिवस मागून घुंऽऽ करायची. एका ठिकाणी दाखवलीही होती. "ऑईल कमी होतं, भरलंय, जावा बिनधास्त," एवढंच ऐकायला मिळालं. सावळेश्वर टोलनाका ओलांडला आणि मागं कडाड्‌कन वाजलं. त्यानंतर गाडी हलली की सारखे ठोके. गाडी ओढून तुमच्या दारात आणली तेव्हा उजाडायचं होतं.

तुम्ही गाडीखाली वाकायच्या आधी माल बघितला. "आधी कांदा यार्डात जाऊ द्या की ओ, लिलाव निघून जाईल." फोन करून ओळखीची दुसरी पिकअप बोलावली, पोती उतरवायला तुमची दोन्ही पोरं लावली. त्या दिवशीची माझी पट्टी (विक्रीचा हिशोब) झाली ती तुमच्यामुळं. गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ भेटतात. माल वाया जाऊ नये म्हणून धावपळ करणारा मिस्त्री मी तरी दुसरा बघितला नाही.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचा एक जण म्हणाला, जुनं हौसिंग अख्खं मिळतं, आणून टाका, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. मलाही पटलं होतं. तुम्ही विचारलं, "कुठल्या गाडीचं? दात किती?" बाहेरून सारखं दिसणारं हौसिंग, पण एकात क्राऊनला (चाकं फिरवणारी मोठी दातेरी चकती) ४१ आणि पिनियनला (तिला फिरवणारं छोटं दातेरी चाक) ८ दात, दुसऱ्यात ४३ आणि ११. पहिल्यात चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट पाच फेरे फिरतो, दुसऱ्यात चारही नाही. भरल्या गाडीची ओढ तिथंच जाते. शिवाय जुन्या हौसिंगचं बेअरिंग किती खाल्लंय ते खोलल्याशिवाय कोणाला कळणार? मात्र बेअरिंगची बैठकच झिजली असेल किंवा चाकापर्यंत जाणारी हौसिंगची नळी वाकली असेल तर मीच तुम्हाला दुसरं आणायला सांगेन, हेही तुम्ही तेव्हाच सांगून टाकलं.

ड्रेन नट काढला तर ऑईल काळं आणि जळकट वासाचं. नटाच्या चुंबकावर करडा लगदा होता, त्याला तुम्ही काही म्हणाला नाहीत. तेवढा बारीक चुरा चांगल्या गाडीतही निघतो म्हणे. त्या लगद्यातून तुम्ही नखानं एक चकचकीत तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. पिनियनच्या दाताचं टोक होतं ते.

तरी तुमचं समाधान होईना. दात तुटला ठीक, पण तुटला कशानं? हौसिंगच्या वरच्या बाजूला ब्रीदरची बोटाएवढी टोपी असते, ती चिखलानं गच्च बसली होती. ऑईल तापलं की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट राहिली नाही, मग तिनं पिनियनच्या सीलमधून (ऑईल अडवणारी रबरी कडी) ऑईल ढकललं. पातळी उतरली की आधी उपाशी राहतं ते पिनियनचं बेअरिंग, कारण क्राऊन फिरताना उडवेल तेवढंच ऑईल त्याला मिळतं. ते सैल झालं, पिनियन डुलायला लागलं, दात चुकीच्या जागी घासायला लागले. घुंऽऽ तिथूनच येत होतं. नुसतं ऑईल भरून ते थांबणार नव्हतं.

नवीन क्राऊन-पिनियन आलं तेव्हा दोन्हींवर कोरलेला नंबर तुम्ही मला वाचायला लावलात. दोन्ही एकच. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते, म्हणून पिनियन एकटं बदलायचं नाही. बेअरिंग, सील सगळं नवं.

खरं काम त्याच्या पुढं होतं. क्राऊनच्या चार-पाच दातांना ब्रशनं पिवळा रंग लावला, हातानं दाब देऊन फिरवलं आणि टॉर्च धरला. रंग दाताच्या बुडाशी पुसला गेला होता. माझ्या डोळ्याला चांगलं दिसत होतं. तुम्ही मान हलवली, "पिनियन आत गेलंय." परत सगळं बाहेर, बेअरिंग प्रेसवर काढलं, शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) बदलली, पुन्हा बसवलं, पुन्हा रंग. दिवेलागण झाली होती, पोरं जांभया देत होती, आणि मी मनातल्या मनात तुमच्यावर चिडलो होतो, हे आज सांगतो. अखेर ठसा दाताच्या मधोमध उमटला. डायल गेज (बारीक अंतर मोजायचं घड्याळ) लावून दातांमधली फट जुळवली. ती कागदाच्या जाडीपेक्षा फार जास्त नसते. पिनियनवरचा स्पेसर (नट आवळला की चेपणारी लोखंडी नळी) सगळ्यात शेवटी घातलात, कारण तो एकदाच चेपतो आणि नट जास्त आवळला गेला तर नवाच आणावा लागतो. नट किती हळू फिरवलात! थोडा आवळायचा, हातानं पिनियन फिरवून बघायचं, परत थोडा.

ऑईलचा डबा मी स्वस्तातला आणला होता, तो तुम्ही परत पाठवलात. जीएल-५ दर्जाचं गिअर ऑईलच पाहिजे. पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतं, त्यामुळं दात नुसते लोळत नाहीत, घसटतातही, आणि तो भार साधं ऑईल पेलत नाही.

पहिले पाचशे किलोमीटर अर्धाच माल भरा, मग ऑईल बदलून घ्या, असं सांगितलंत. पाळतोय. घरचे म्हणतात गाडी रिकामी पळवतोस. आवाज गेलाय. ब्रीदर दर खेपेला बोटानं चाचपतो.

ऑईल बदलायला येईन तेव्हा राहिलेली बाकी घेऊन येतो. त्या दोघा पोरांना सांगा, घरचा कांदा आणतोय, पिशव्या त्यांच्या.

आपला,
मोहोळ तालुक्यातला एक पिकअपवाला