टेकडीवर कुत्रे मोकळे सोडू नका, सगळ्यांनी वाचा प्लीज

मंडळी, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर काही जण पट्टा काढून कुत्र्याला झुडपात सोडतायत, का तर म्हणे तो मूळचा शिकारी, स्वतःचं खाणं स्वतः शोधू दे. हे बंद करा. हजारो वर्षं माणसासोबत राहून वाढलेली जात आहे ती, आणि टेकडीवर मोर आहेत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मोर शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत येतो, लांडोर जमिनीवरच अंडी घालते, तिच्यामागे कुत्रा लागला तर संपलंच.

उकिरड्यावरचं खाणं तर त्याहून वाईट. शिजवलेल्या चिकनच्या हाडाच्या टोकदार चिपा आतड्यात रुततात. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर उंदीर मारायच्या बऱ्याच औषधांनी कुत्र्याचंही रक्त गोठायचं थांबतं, आणि लक्षणं दिसायला दोन-चार दिवस जातात, म्हणून हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टर!

आणि पाळलेल्या जनावराला पुरेसं खायला न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याने गुन्हा आहे, हे पण लक्षात असू द्या. उद्यापासून पट्टा लावूनच या, आणि जेवण घरी, फिरून आल्यावर थोड्या वेळाने.