माझाच मोबाइल हातात घेणाऱ्या ताईंना

ताई,

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. आता तरी पूर्ण ऐकून घ्या.

मीनाकामाची कानातली ऑनलाइन विकायला लागल्यापासून फोटोंनी माझा जीव नकोसा केला होता. मोरपंखी मीना फोटोत चक्क निळा दिसायचा. पार्सल उघडलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "हा रंग मागवला नव्हता," आणि वस्तू परत. त्यांना काय बोलणार? त्यांना जे दिसलं तेच त्यांनी मागवलं होतं. तारेची बारीक नक्षी तर दिसायचीच नाही. जवळ जावं तर सगळं धूसर.

मदत मागायला मी पुष्कळ जणांकडे गेले. ज्याच्याकडे जावं त्याची पहिली नजर माझ्या जुन्या मोबाइलवर जायची आणि पहिलं वाक्य यायचं, "यावर नाही होणार." कुणी अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स घ्यायला सांगितली, कुणी नवा फोन. एका स्टुडिओने आगाऊ पैसे घेतले आणि फोटो इतके गुळगुळीत करून दिले की हाताने वळवलेली तार साच्यातून काढल्यासारखी वाटावी. तक्रार केली तर "छोट्या वस्तूंचं असंच असतं" म्हणून बोळवण. तो राग अजून गेलेला नाही. पैसे गेल्याचा नाही, माझी वस्तू त्यांनी एकदाही नीट पाहिली नाही याचा.

तुम्ही आलात तेव्हा खांद्याला मोठा कॅमेरा होता. मला वाटलं, आता तो बाहेर निघणार. तुम्ही बॅग कोपऱ्यात ठेवलीत आणि म्हणालात, "तुझा मोबाइल दे." चष्म्याचं फडकं काढून त्याच्या लेन्सची काच हलक्या हाताने पुसलीत, उजेडात धरून पाहिलीत, पुन्हा पुसलीत. मी म्हटलं, तुमच्या कॅमेऱ्यावरच काढूया ना. तर म्हणालात, "माझ्या कॅमेऱ्यावर काढले तर उद्या नवा जोड केल्यावर तू काय करशील?"

ताई, तिथेच माझे डोळे भरले होते. ज्या फोनकडे बघून सगळ्यांनी नाक मुरडलं, तो तुम्ही कामाचं हत्यार म्हणून हातात घेतलात. त्यानंतर जे शिकवलंत ते मोलाचंच, पण मला हिंमत आली ती त्या पुसण्याने.

मग एकेक गाठ सुटत गेली. मी फोन वस्तूला चिकटवत होते, तुम्ही तो वीतभर मागे नेलात. लेन्सला जवळ जायची एक हद्द असते, त्याच्या आत फोकस बसतच नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लांबून दुप्पट झूम केलं आणि तार न् तार दिसली. ट्यूबलाइट बंद करायला लावलीत, कारण खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि ट्यूबचा दुसऱ्या, त्यात बिचारा मोरपंखी मारला जात होता. खिडकीच्या काचेवर बटर पेपर लावला आणि सावल्या मऊ झाल्या. पांढरा कागद फोटोत करडा का येतो, तेही तेव्हाच कळलं: कॅमेरा समोरचं सगळं मध्यम छटेचं धरून उजेड ठरवतो, म्हणून पांढऱ्यावर आपणच एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं वाढवायचं. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोमागे शुद्ध पांढरंच लागतं, त्यामुळे हे कळणं माझ्यासाठी फार मोठं होतं.

आणि ती काळी पट्टी! चांदीची कडी पांढऱ्यावर विरघळून जात होती. तुम्ही काळ्या कार्डाची बोटभर पट्टी कापलीत आणि फोटोच्या चौकटीच्या अगदी बाहेर उभी केलीत. कडीच्या काठावर केसाएवढी काळी रेघ उमटली आणि कडी एकदम गोल, भरीव दिसायला लागली. चकचकीत धातू समोर असेल तेच दाखवतो, तेव्हा त्याला दाखवायला काहीतरी गडद द्यायचं. तुम्ही पट्टी किंचित सरकवायचात आणि मी स्क्रीनवर ती रेघ जाड-बारीक होताना बघत होते.

एका जोडात मीन्याला टाचणीच्या टोकाएवढा खळगा होता. तुम्ही त्याचाही वेगळा फोटो काढायला लावलात. "घेणाऱ्याला आधी दिसू दे," एवढंच म्हणालात. तो जोड त्या फोटोसकट विकला गेला, आणि घेणाऱ्या बाईंनी मुद्दाम लिहून कळवलं की खळगा दाखवलात म्हणूनच विश्वास बसला.

येत असलेली गोष्ट समोरच्याला कमी न लेखता देणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. ज्ञान असणारे पुष्कळ भेटले. शेजारी बसून, "आता तू काढ" म्हणत फोन परत माझ्या हातात देणाऱ्या तुम्हीच.

रंगावरून आता एकही पार्सल परत येत नाही. पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्यावर मी वाद घालणार नाही. पण पट्टीजवळ ठेवलेला तो मोरपंखी जोड मी विक्रीतून काढून तुमच्या नावाने ठेवलाय. नाही म्हणू नका. कधी येता ते कळवा, नाहीतर मीच घेऊन येते.

तुमची,
कानातलीवाली