सई, ब्रेक ऑईल बदललंस का?

कोल्हापूर,
गुरुवार रात्र

प्रिय सई,

काल फोन मध्येच ठेवला तो मी. रागाने ठेवला आणि मग बराच वेळ व्हरांड्यात बसून होतो. रविवारी रेसट्रॅकवर जाऊ नकोस असं या पत्रात कुठेही लिहिणार नाही, आईला तसा शब्द दिलाय. पण तू म्हणालीस, "पप्पा, सर्व्हिसिंग झालंय, ब्रेक एकदम मस्त लागतात." माझा जीव तिथेच अडकलाय. गावात मस्त लागणारे ब्रेक ट्रॅकवर दहा मिनिटांत हात टेकतात. त्यात तुझ्या पोलो गाडीचा काही दोष नाही. ते ब्रेक त्या कामासाठी केलेलेच नसतात.

हिशेब मांडतो, तुला हिशेबाशिवाय पटत नाही. तुझ्यासकट गाडी साडेअकराशे किलो धर. 130 च्या वेगावरून 60 वर आणलीस की साधारण 590 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी ही उष्णता, आणि ती निघते अडीच-तीन सेकंदांत. थोडी हवेच्या अवरोधात जाते, उरलेली ब्रेकमध्ये. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, म्हणून तीन चतुर्थांश काम पुढच्या चाकांच्या दोन डिस्क, म्हणजे ब्रेकच्या चकत्या, करतात. पाचेक किलोची बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, डिस्क एका ब्रेकिंगला 80-90 अंशांनी तापते. असं एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, तीन-चार वेळा. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेचा लॅप जेमतेम 2.1 किलोमीटरचा, म्हणजे डिस्क निवायच्या आत पुढचं वळण हजर. गावात सिग्नलपासून सिग्नलपर्यंत तिला वारा खायला वेळ मिळतो, तिथे मिळत नाही.

बीडाचं मला सांगू नका असं तू लहानपणी म्हणायचीस, पण इतकी वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत तेच ओतलं, म्हणून सांगतो. डिस्कसाठी राखाडी बीड घेतात ते त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांसाठी. ते उष्णता पटकन आत पसरवतात. पण एखादा भाग साडेसहाशे-सातशे अंशांवर गेला की तिथलं बीड बदलतं, सिमेंटाइटचे, म्हणजे लोखंड-कार्बनच्या ठिसूळ संयुगाचे, कडक डाग पडतात. वरून निळसर दिसतात. लेथवर डिस्क साफ करून घेतली तरी डाग आत उरतो आणि थोड्या दिवसांनी पेडल पुन्हा थरथरायला लागतं. असे डाग दिसले तर डिस्क बदलायची, घासत बसायचं नाही. नुसती थरथर असेल तर मात्र बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त चिकटलेला असतो.

आता खरं विचारायचं ते. ब्रेक ऑईल बदललंस का?

गाडी 2021 ची, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते एकदाही बदललेलं नाही. सर्व्हिस सेंटरवाले पातळी बघून टिक करतात, तेवढ्यावर जाऊ नकोस. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरं डॉट 4 (हा ब्रेक ऑईलचा दर्जा) निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हमी उरते 155 ची. ट्रॅकवर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिस्टनपाशी 155 काहीच नाही. ऑईल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही, म्हणून पाय खाली जातो आणि गाडी पुढे जात राहते. हे आधी सांगून येतं, सई. पेडल एका लॅपला बोटभर लांब लागतं, पुढच्या लॅपला दोन बोटं. मला भीती आहे ती त्या दोन बोटांची. तुला ती कळतील. पण कळूनही तू "एकच लॅप अजून" म्हणशील.

रंकाळ्यावर सायकल शिकताना ब्रेकचं रबर संपलं होतं. तू आठ दिवस चप्पल घासत थांबत होतीस आणि घरी एक शब्द बोलली नाहीस. चप्पल का झिजली म्हणून आईने विचारलं तेव्हा कळलं. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आज त्याच आठवणीने झोप येत नाही.

असो. शनिवारपर्यंत हे करून घे. डॉट 4 चे अर्ध्या लिटरचे दोन डबे, सीलबंद, फोडलेला डबा नको. डॉट 5.1 मिळालं तर तेही चालतं, ते 260 पर्यंत टिकतं. नुसतं "डॉट 5" लिहिलेलं मात्र घेऊ नकोस. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळायचं नाही. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा ऑईलचा मुख्य पंप) लांबच्या चाकापासून सुरुवात करायची: आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एबीएसमुळे (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कंपनीने वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळ. पारदर्शक नळी लाव. जुनं ऑईल चहाच्या रंगाचं येईल, स्वच्छ येईपर्यंत सोड, आणि टाकीतली पातळी एकदाही तळाला जाऊ देऊ नकोस, नाहीतर सगळं पुन्हा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू, रंग उचलतं ते.

पॅड चाक काढूनच बघ, खिडकीतून टॉर्च मारून नाही. बाहेरचा जाड दिसतो आणि आतला संपलेला असतो. आपल्या गाडीला सरकता कॅलिपर आहे. त्याच्या पिना अडकल्या की आतला पॅड एकटा झिजतो, नाहीतर पाचरीसारखा तिरका होतो. पिना हाताने सहज सरकायला हव्यात, त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं नको. पॅडचं मटेरियल सहा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ट्रॅकवर नेऊ नकोस. रस्त्यावर सहा मिलिमीटर वर्षभर जाईल, पण ट्रॅकवर पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनकडे देतो आणि ऑईल लवकर उकळतं. झीज आणि उकळणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एक दुसरीला ओढून आणते. नवे पॅड घातलेस तर आधी बसवून घे: मोकळ्या रस्त्यावर 80 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, आणि मग दहा मिनिटं ब्रेक शक्य तितका न वापरता चालव. कोरे पॅड पहिल्यांदा खूप तापले की त्यातली राळ जळून वायू सुटतो आणि पॅड डिस्कवर तरंगल्यासारखा होतो. रेसिंगचे पॅड कुणी आग्रह करून दिले तर घेऊ नकोस. ते गार असताना धरत नाहीत, आणि तुला त्याच गाडीने सकाळी ऑफिसला जायचंय.

पेडलची भाषा दोन प्रकारची आहे. पेडल स्पंजासारखं खाली गेलं तर ऑईल उकळलं. पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही, तर पॅड जळलेत. दुसऱ्या प्रकारात निवल्यावर पकड बरीचशी परत येते. पहिल्यात पेडल परत आलं तरी विश्वास ठेवायचा नाही, ते ऑईल बदलल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर जायचं नाही. चालत्या गाडीत खाली गेलंच तर भराभर पंप मार, गिअर एकेक करून खाली आण, वळण घ्यायला जाऊ नकोस, सरळ मोकळ्या जागेत जाऊ दे.

हे लिहिताना हात जड होतोय. आई म्हणते, पोरीला पत्र लिहिताय की गॅरेजचं बिल. चुकलं असेल तर माफ कर.

तुला गगनबावड्याचा घाट आठवतो का? तिसरीत होतीस, मागच्या सीटवरून म्हणालीस, पप्पा, काहीतरी जळतंय. मी उतारावर पाय ठेवून चाललो होतो, दुसरा गिअर टाकायला हवा होता. गाडीत चौघं होते आणि ओळखलंस तू. ते नाक अजून तसंच असेल. रविवारी तो वास आला की गाडी आत घे. एवढंच मागतो.

चालवताना ब्रेक सरळ रेषेत, जोरात आणि थोडाच वेळ मार, आणि सोड. हळूहळू ओढत नेलास तर उष्णता तेवढीच निघते, निवायला वेळ मात्र कमी उरतो. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असेल तर बंद करू नकोस, पण त्याचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर समज की तो आपणहून एकेका चाकाचा ब्रेक धरतोय आणि तुझ्या नकळत पॅड झिजवतोय. मग वेग कमी कर. एक लॅप गरम करायला, तीन जोराचे, एक ब्रेकशिवाय निवायला, आणि आत. सेशन वीस मिनिटांचं असलं तरी वीस मिनिटं पुरी करायलाच हवीत असं कुठे लिहिलेलं नाही.

आत आलीस की हँडब्रेक ओढू नकोस. मागचे ड्रम तापून फुगलेले असतात, निवताना आकसतात, लायनर धरून बसतात. पहिल्या गिअरमध्ये ठेव आणि चाकाला लाकडी ठोकळा लाव. ब्रेकवर पाय दाबून उभी राहू नकोस, तापलेल्या डिस्कवर पॅडचा शिक्का उठतो. सुक्या गवतावर गाडी उभी करायची नाही. आणि हे लक्षात ठेव: गाडी थांबल्यावर वारा बंद होतो आणि कॅलिपरमधलं ऑईल पुढची काही मिनिटं अजून तापत राहतं. म्हणून पुन्हा निघताना, गाडी हलायच्या आधी, पेडल दोनदा दाबून बघ. लांब लागलं तर त्या दिवशीचं झालं.

परत घरी यायला तीन मिलिमीटर तरी पॅड उरायला हवा. सोमवारी पुन्हा चाकं काढ. डिस्कवर बारीक केसासारख्या रेषा चालतात, पण एखादी चीर कडेपर्यंत पोहोचली असेल तर डिस्क भंगारात. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियरने मोज. चाकाचे बोल्ट 120 न्यूटन मीटरला, टॉर्क पान्यानेच.

पैसे लागले तर सांग, भीड धरू नकोस. अण्णांचे टाके मंगळवारी काढले, ते बरे आहेत, तुझी चौकशी करतात. ट्रॅकचं त्यांना सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं. ऐकून नुसतं म्हणाले, आपल्या घरात असं कुणी केलं नाही अजून. तोंडावरून अभिमानच वाटला मला. मलाही आहे, ते काल फोनवर बोलायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी फोन कर. लॅपटाइम नंतर सांग, आधी पेडल कसं होतं ते सांग.

तुझे
पप्पा

ता. क. शनिवारी ऑईल बदलल्यावर, बाटलीत निघालेल्या जुन्या ऑईलचा फोटो पाठव. रंग बघितल्यावर मी झोपेन.