आप्पा, मागच्या चाकांतलं पाणी काढलंय

ती. आई आणि आप्पा यांस साष्टांग नमस्कार.

आप्पा, हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून लिहिते. आई वाचून दाखवेल. आई, मधे थांबू नकोस. पत्र संपलं की काय ओरडायचं ते ओरडू देत.

छोट्या ट्रॅक्टरचं मागचं उजवं चाक पंक्चर झालं. भर द्राक्षबागेत, मागे फवारणीचा ब्लोअर, टाकी अर्धी भरलेली. छाटणी होऊन फुटवे चार-पाच पानांवर आलेत आणि रात्री पाऊस शिंतडून गेला होता. अशात फवारणी उद्यावर टाकली की डाऊनीची बुरशी आपल्यासाठी थांबत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पंक्चरवाल्याला फोन केला तर म्हणाला, गाडी रस्त्यापर्यंत आणा. बसलेल्या टायरवर ट्रॅक्टर चालवायचा म्हणजे रिंग आत फिरणार, टायर मागे राहणार आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह बुडापासून उपटणार. मग पंक्चर कसलं, ट्यूबच नवी. म्हटलं, इथंच काढू. काकांचा धाकटा मदतीला आला.

गडी भलताच उतावळा. आल्या आल्या जॅक लावायला निघाला. त्याला आधी ब्लोअर सोडायला लावला, ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला, हँडब्रेक ओढला, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड दिले. नट चाक जमिनीवर असतानाच ढिले केले. चाक उचलल्यावर पान्ह्याला जोर दिला की अख्खा ट्रॅक्टर हलतो. आपली काळी माती, त्यात ओल, नुसता जॅक ठेवला तर तोच खाली जातो. म्हणून गोठ्यातली सागाची जाड फळी खाली घातली, आणि ॲक्सलखाली ओंडक्याचा आधार दिला. विटा नाही लावल्या. तुम्ही आयुष्यभर विटाच लावल्या आणि काही झालं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वीट दाबाखाली कधी फुटेल याचा भरवसा नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या चाकात तुम्ही भरून ठेवलेलं पाणी. पाण्यासकट ते चाक दोघांच्याने हललंसुद्धा नसतं. बाकीच्या चाकांना दगड होतेच, म्हणून गिअर आणि ब्रेक तेवढ्यापुरते सोडून व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक फिरवलं, ते परत लावले आणि व्हॉल्व्हमधली पिन काढली. पिनेची चावी सापडेना, पण जुन्या पितळी टोपणाला वर खाच असते, तिनेच निघाली. गढूळ, गंजट पाणी किती तरी वेळ येत राहिलं.

टायरची कड रिंगेला घट्ट चिकटली होती. मोरचूद त्या रिंगेवर इतकी वर्षं उडतंय, लोखंड खाल्लंय त्याने. साबणाचं पाणी सोडून, चाक आडवं पाडून दोघंही कडेवर उभं राहिलो तेव्हा सुटली. मग दोन टॉम्या, टायर उचकटायच्या सळया. व्हॉल्व्हच्या बाजूने सुरुवात केली आणि समोरची कड रिंगेच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली. तिकडे ढील मिळाल्याशिवाय इकडे कितीही जोर करा, कड वर येत नाही, उलट ट्यूबच चिमटते.

ट्यूब हौदात बुडवली तर बुडबुडे लगेच दिसले. धाकटा लगेच खूण करून उठला. त्याला म्हटलं, सगळी फिरव. तार टायरमधून शिरली होती, आणि हवा गेल्यावर ट्यूब चपटी होऊन तिची आतली बाजूही त्याच तारेवर बसली होती. दुसरं भोक तिकडे निघालं. भोकं व्हॉल्व्हच्या बुडाशी नव्हती हे नशीब, तिथे पॅच टिकत नाही. घासून, सोल्युशन लावून वाळू दिलं. इथे घाई करून भागत नाही. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच दिसतो छान आणि ऊन तापलं की सुटतो. पॅच ठोकून वरून पावडर मारली, आईच्या कपाटातली. आई, नवा डबा आणते.

तोवर टायरच्या आत फडकं फिरवलं. हात नाही घातला. फडकं जिथे अडकलं तिथे तार, आणि आणखी एक बाभळीचा काटा, तो अजून ट्यूबपर्यंत पोचायचा होता. रिंग तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारायचं होतं, पण फवारणीपुढे ते राहिलं. नुसत्या खपल्या काढल्या.

बसवताना थोडी हवा भरून ट्यूब गोल केली, उलट्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी शेवट केला. हवा पायपंपाने, आळीपाळीने. कड रिंगेवर बसेना तेव्हा धाकटा म्हणाला, काकांकडचा कॉम्प्रेसर आणतो, पन्नास पौंड मारू. मी नाही म्हटलं. शेतीच्या टायरची कड बसवायला ३५ पौंडांच्या वर जायचं नसतं. कड किंवा रिंग फुटली तर समोरचा माणूस उरत नाही. हवा सोडली, साबण परत लावला, पुन्हा भरली, बसली. मग उतरवून १४ वर ठेवली. नट समोरासमोरचे आवळले आणि फवारणी अंधार पडायच्या आत उरकली.

आता तुम्ही विचाराल, पाणी परत भरलं का? नाही भरलं. आणि एका चाकात पाणी नि दुसरं कोरडं म्हटल्यावर ट्रॅक्टर एकीकडे ओढणार, म्हणून डाव्या चाकातलंही सोडून दिलं. तुम्ही पाणी भरलंत ते रोटाव्हेटर मारताना चाकं घसरत होती म्हणून, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पण आता वर्षातलं बहुतेक काम ब्लोअरचं. भरलेली टाकी मागे असतेच, त्यात चाकांचं वजन, आणि त्याच त्या दोन चाकोऱ्यांवरून पावसापाण्यात पुन्हापुन्हा फेऱ्या. मुळ्या तिथेच आहेत. कुदळ मारून बघितली, चाकोरीतली माती फरशीसारखी झालीये. रोटाव्हेटरच्या वेळी शेडमागे पडलेली बिडाची वजनं लावू, काम झालं की काढू. पाण्याला ती सोय नाही.

तुम्हाला हे पटणार नाही. माल निघेपर्यंत तुमचा गुडघा चालता होईल, तेव्हा बांधावर उभं राहून भांडू. तोवर दादाच्या मागे लागून गाडी काढायला लावू नका. व्यायाम शिकवणारी बाई येते तेव्हा झोपल्याचं सोंग घेता असं वहिनी म्हणत होती.

८.००-१८ मापाची एक नवी ट्यूब आणून ठेवतेय. डाव्या चाकातली पण जुनीच आहे. बिडाच्या वजनांचे लांब बोल्ट मात्र शेडमध्ये दिसत नाहीत. कुठे ठेवलेत ते आईला लिहून पाठवायला सांगा.

तुमची,
माई